फळमाशीपासून मेंदूपर्यंत : टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवशास्त्र विभागाची वाटचाल

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पुढे, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी आहे. मराठी वाचकाला ही संस्था मुख्यतः होमी भाभा आणि जयंत नारळीकर या दोन नावांमुळे ठाऊक आहे. म्हणजे एकीकडे अणू आणि दुसरीकडे आकाश. याच इमारतीत १९६२ साली जीवशास्त्राचा एक लहानसा गट सुरू झाला आणि पुढच्या दोन दशकांत भारतातल्या मेंदूविज्ञानाचे एक मोठे घराणे तिथे उभे राहिले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फार कमी सांगितली गेली आहे. नाशिकमधल्या अंबडच्या या स्मरणिकेत महाराष्ट्रातल्या एखाद्या विज्ञानसंस्थेचा इतिहास असावा असे ठरले, तेव्हा माझ्या मनात दुसरे नाव आलेच नाही. आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभे राहिलेले असते, आणि या विभागाने मेंदूकडे पाहिले तेही यंत्र उकलून पाहणाऱ्याच्या नजरेने. ते कसे, हे पुढे ओघात येईल.

संस्थेची स्थापना १९४५ची. सुरुवात बंगळूरला झाली, त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली, तिथून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कुलाब्याच्या आजच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १ जानेवारी १९५४ रोजी बसवली आणि जानेवारी १९६२मध्ये तिचे उद्‌घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. भाभांची विभाग उभारण्याची रीत सरकारी रीतीहून वेगळी होती. आधी पदे मंजूर करायची आणि मग ती भरायची, असे ते करत नसत. ते आधी माणूस हेरत. मनासारखा माणूस मिळाला की त्याच्याभोवती विषय वाढू देत. गणित, विश्वकिरण, रेडिओ खगोलशास्त्र ही सगळी कामे अशीच वाढली. जीवशास्त्रासाठी असा माणूस मिळाला तो ओबैद सिद्दिकी यांच्या रूपाने. या विभागाचा इतिहास सांगायचा तर तो त्यांच्या संशोधनाच्या प्रवासापासूनच सांगावा लागतो.

सिद्दिकींचा जन्म १९३२चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. शिक्षण अलिगढ विद्यापीठात. विद्यार्थी असताना डाव्या चळवळीत भाग घेतल्यापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी गव्हावर काम सुरू केले आणि एका गारपिटीत प्रयोगाचे उभे पीक आडवे झाले. गारपीट म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्याला सांगायला नको. द्राक्षबागायतदार निदान पुढच्या हंगामाची वाट पाहतो. सिद्दिकींनी गव्हाचा नादच सोडला आणि ग्लासगोला ग्विडो पॉन्टेकॉर्व्हो यांच्याकडे पीएच.डी.ला गेले. तिथे त्यांच्या हाती आली एक बुरशी, अ‍ॅस्परजिलस. पीक हाती यायला वर्ष लागते, बुरशीच्या पिढ्या दिवसांत मोजता येतात. एका जनुकाच्या आतली रचना कशी असते, त्याच्या अंतर्भागात अदलाबदल कशी होते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

तिथून ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅलन गॅरेन यांच्याबरोबर काम करू लागले. बुरशीची जागा आता जिवाणूने घेतली. प्रथिनाची साखळी तयार होताना मध्येच तुटते, असे काही जनुकदोष त्यांनी अभ्यासले. त्याचबरोबर हा दोष झाकून साखळी पूर्ण करणाऱ्या जिवाणूंचे वाणही शोधले. जनुकाच्या लिपीत ‘इथे थांबा’ असे सांगणाऱ्या खुणा असतात, हे आज बारावीच्या पुस्तकात असते. त्या खुणा सापडण्याच्या वाटेवर गॅरेन आणि सिद्दिकी यांचा १९६२चा निबंध ही एक महत्त्वाची पायरी होती. अणुकेंद्रकीय शृंखला-अभिक्रियेची कल्पना प्रथम मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड हे दुसऱ्या महायुद्धानंतर जीवशास्त्राकडे वळले होते. त्यांनी सिद्दिकींचे नाव भाभांना सुचवले. भाभांनी बोलावले, आणि तिशीतल्या सिद्दिकींनी १९६२मध्ये कुलाब्यात रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू केला.

भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञांच्या संस्थेत जीवशास्त्र सुरू होणे, ही मला या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्या विद्यापीठांत तेव्हा प्राणिशास्त्र एका दाराआड, वनस्पतिशास्त्र दुसऱ्या दाराआड आणि रसायनशास्त्र तिसऱ्याच इमारतीत असे. इथे अशा भिंती आधीपासून नव्हत्याच. म्हणूनच पी. बाबू यांच्यासारखा सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला माणूस जीवशास्त्राकडे वळू शकला. ते पुढे केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांच्याकडे गेले आणि एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी भारतातल्या संशोधनात घेऊन आले. या कृमीला आपण नंतर पुन्हा भेटणार आहोत. भाभांचे २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात निधन झाले. संस्थेची धुरा एम. जी. के. मेनन यांच्याकडे आली. विभागाचे काम थांबले नाही.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जनुकाच्या लिपीचा उलगडा होत आला होता. या क्षेत्रातल्या सर्वांत धीट माणसांना आता पुढचा प्रश्न खुणावत होता : जनुकांनी प्रथिने घडतात हे कळले, पण वागणूक कशी घडते? कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांनी फळमाशी निवडली, केंब्रिजला ब्रेनर यांनी सूत्रकृमी निवडला. सिद्दिकींनी बेंझर यांच्याबरोबर फळमाशीवर काम करायचे ठरवले. गहू, बुरशी, जिवाणू आणि आता माशी. प्रत्येक वेळी हातचे जमलेले काम सोडून ते नव्या प्राण्याकडे गेले. एका विषयात नाव झाले की त्याच विषयात निवृत्तीपर्यंत राहणे सोपे असते. सिद्दिकींनी ते केले नाही आणि संस्थेनेही त्यांना कधी जुन्या कामाला बांधून ठेवले नाही.

फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर, बेदाण्याच्या शेडमध्ये, फुटलेल्या द्राक्षांच्या क्रेटवर घोंगावणारी ती बारीक चिलटे. प्रयोगशाळेत ती काचेच्या बाटल्यांत वाढवतात. बाटलीच्या तळाशी मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांची शिजवून थिजवलेली खळ, तोंडाला कापसाचा बोळा. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. त्यामुळे वर्षाला तिच्या तीसेक पिढ्या पाहता येतात. मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान, तरी त्यात एक लाखाहून जास्त चेतापेशी. एवढ्या मेंदूच्या बळावर माशी वास ओळखते, चव घेते, जोडीदार शोधते, शिकते आणि शिकलेले लक्षात ठेवते.

मेंदूचे काम समजून घ्यायची सिद्दिकींची पद्धत अंबडच्या कोणत्याही फिटरला लगेच पटेल. न उलगडलेले यंत्र समोर असले, की त्यातला एकच भाग निकामी करून पाहावा. कोणते काम थांबले, त्यावरून त्या भागाचे काम ओळखावे. माशीच्या बाबतीत हा भाग म्हणजे एकेक जनुक. रसायन पाजून हजारो माश्यांमध्ये दोष निर्माण करायचे आणि त्यांच्या संततीतून नेमकी एकाच बाबतीत वेगळी वागणारी माशी शोधायची. अडचण अशी, की मज्जासंस्थेतला एखादा महत्त्वाचा भाग पूर्ण निकामी झाला तर माशी जन्मतच नाही. मग अभ्यास करायचा कोणाचा? यावर उपाय होता तापमानाचा. काही दोषांत प्रथिन नेहमीच्या उष्णतेला नीट काम करते आणि उष्णता वाढली की बिघडते. म्हणजे माशी धडधाकट वाढवायची आणि हवे त्या क्षणी, नुसती उष्णता वाढवून, तिच्यातला तो एक भाग बंद पाडायचा.

हा प्रयोग डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो. काचेच्या नळीत माश्या चढ-उतार करत असतात. ‘पॅरॅलिटिक’ नावाचा दोष असलेल्या माश्यांची नळी सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरली, की काही सेकंदांत सगळ्या तळाशी पडतात. शेजारच्या नळीतल्या निरोगी माश्या त्याच पाण्यात खुशाल फिरत असतात. नळी बाहेर काढली की पडलेल्या माश्या उठून पुन्हा चालू लागतात, जणू काही झालेच नव्हते. सिद्दिकींनी शोधलेला ‘कोमॅटोज’ हा दोष याहून निराळा. त्या माश्यांना पडायला जास्त उष्णता लागते, सुमारे ३८ अंश. आणि एकदा पडल्या की थंड जागी आणूनही त्या लवकर शुद्धीवर येत नाहीत. म्हणून हे नाव. एक दोष झटकन येतो आणि झटकन जातो, दुसरा येऊन मुक्काम करतो. म्हणजे यंत्रातले बिघडलेले भाग दोन आहेत आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत, इतके नुसत्या निरीक्षणातून कळते. सिद्दिकी आणि बेंझर यांनी पुढे जाऊन या माश्यांच्या स्नायूंतले विद्युत संकेत नोंदवले आणि लकव्याचे मूळ मज्जासंस्थेच्या कामात आहे हे दाखवले. १९७६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध आला. मेंदूतल्या संकेतांच्या दळणवळणाकडे जनुकांच्या वाटेने जाता येते, हे ठामपणे दाखवणारे हे सुरुवातीचे काम होते.

या दोन दोषांचे पुढे काय झाले? ‘पॅरॅलिटिक’ जनुक १९८९मध्ये वाचले गेले. चेतापेशीच्या आवरणातून सोडियमचे आयन आत सोडणारी जी दारे असतात, ज्यांच्यावाचून मज्जातंतूत संकेत धावतच नाही, त्या दारांचे ते जनुक निघाले. ‘कोमॅटोज’चा उलगडा १९९५मध्ये झाला. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पुटिकांतून. या पुटिका पुन्हा पुन्हा वापरात राहण्यासाठी एनएसएफ नावाचे प्रथिन लागते, आणि ‘कोमॅटोज’ हे त्याचेच जनुक होते. पेशीतल्या पुटिकांच्या वाहतुकीसाठी २०१३चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले जेम्स रॉथमन याच प्रथिनाच्या शोधातून पुढे आले होते. ते नोबेल ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले. सिद्दिकी त्याच वर्षी जुलैत गेले होते.

लकव्याच्या माश्यांनंतर सिद्दिकींनी विभागाला वासाकडे आणि चवीकडे वळवले. या टप्प्यावर व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे नाव त्यांच्याइतकेच मोठ्याने घ्यायला हवे. त्यांचे घराणे मूळ गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथून सिद्दिकींना पत्र लिहून त्या मुंबईला आल्या आणि त्यांच्याकडे पीएच.डी. करू लागल्या. त्यांच्या प्रयोगाची मांडणी अशी : इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी, एका फाट्यातून वास मिसळलेली हवा, दुसऱ्यातून नुसती हवा. माश्यांचा थवा खालून सोडायचा आणि कोणत्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचे. बहुतेक माश्या निवड करतात; ज्या वंशातल्या माश्या दोन्ही फाट्यांत सारख्याच विखुरतात, त्यांना तो वास लागत नाही. चवीसाठी खाण्यात रंग मिसळायचा : कडू असूनही खाल्लेच, तर माशीचे पोट रंगलेले दिसते. साधने इतकी साधी, आणि त्यांतून आलेले उत्तर इतके नेमके! काही माश्यांना एका प्रकारचे वास लागत नसत पण दुसऱ्या प्रकारचे लागत. म्हणजे वासांची दारे वेगवेगळी असली पाहिजेत आणि त्या दारांचे जनुकही वेगवेगळे. रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांनी हे निष्कर्ष १९७८मध्ये छापले, तेही भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. पुढे १९९०मध्ये चंपाकली अय्यूब, जयश्री परांजपे, रॉड्रिग्ज आणि सिद्दिकी यांनी माशीच्या घ्राणवर्तनाच्या जनुकांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला.

डॉक्टरेटनंतर रॉड्रिग्ज जर्मनीत ट्युबिंगेनला गेल्या. एरिक बुखनर यांच्याबरोबर त्यांनी माशीच्या मेंदूला किरणोत्सारी खूण लावलेली साखर दिली आणि वास दिल्यावर मेंदूचा कोणता भाग ती जास्त शोषतो ते पाहिले. वेगळ्या वासाला वेगळा भाग जागा होत होता. माशीच्या मेंदूत वासाचा नकाशा असतो, याचा हा फार लवकरचा पुरावा आहे, १९८४चा. परत येऊन त्या विभागात शिक्षक झाल्या आणि पुढे विभागप्रमुखही. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले. वयाची साठीही त्यांना लाभली नाही.

विभागाचे वजन जगात किती वाढले होते, हे डिसेंबर १९७९मध्ये दिसले. फळमाशीचा विकास आणि मज्जासंस्था या विषयावर कुलाब्याच्या संस्थेत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या निबंधांचा ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला. संपादक होते सिद्दिकी, बाबू, लिंडा हॉल आणि जेफ्री हॉल. यांतल्या जेफ्री हॉल यांना शरीराच्या दैनंदिन घड्याळाच्या संशोधनासाठी २०१७चे नोबेल मिळाले. त्या घड्याळाचे जनुकही फळमाशीतच, बेंझर यांच्या प्रयोगशाळेत, प्रथम हाती लागले होते. एकाच वेलीच्या या फांद्या होत्या आणि त्यांतली एक मुंबईत होती.

परिषदेहून मला जास्त ओढ वाटते ती महाबळेश्वरच्या चर्चासत्रांची. सत्तरच्या दशकात सिद्दिकींच्या पुढाकाराने आधुनिक जीवशास्त्रावरची ही सत्रे सुरू झाली. देशभरचे तरुण संशोधक आणि परदेशातले नामवंत काही दिवस डोंगरावर एकत्र राहत, बोलत, वाद घालत. तेव्हा ई-मेल नव्हते, परदेशी नियतकालिके बोटीने महिन्या-महिन्यांनी पोचत. अशा काळात ज्याचा निबंध वाचला तो माणूस जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेला असणे, याचे मोल आज सहज लक्षात येत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाचा प्रभाव त्याच्या निबंधांना किती ठिकाणी आधार म्हणून घेतले यावरून मोजण्याची रीत आहे. सिद्दिकींच्या बाबतीत ती अपुरी पडते. त्यांचा बराच प्रभाव अशा गप्पांतून पसरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. माशीला वास कसा लागतो, हा प्रश्न जनुकांच्या भाषेत मुंबईने फार लवकर विचारला. पण वासाची ग्राहक प्रथिने प्रत्यक्ष हाती लागली ती अमेरिकेत : उंदरांमध्ये १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना, ज्यासाठी २००४चे नोबेल त्यांना मिळाले, आणि माशीमध्ये १९९९ साली. ‘कोमॅटोज’चेही तेच; दोष सिद्दिकींनी शोधला, जनुक वाचले गेले अमेरिकेत. जनुक कापण्याची, जोडण्याची आणि वाचण्याची साधने जिथे आधी आणि मुबलक पोचली, तिथे उत्तरे आधी मिळाली. काही जण याला हुकलेली संधी म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या माश्या आणि ज्या चाचण्या पुढच्या कामाला लागत होत्या त्यांतल्या काही इथे तयार झाल्या होत्या, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे प्रश्न हाताळू शकणारी माणसे इथे तयार झाली होती. पण साधनांची ही दरी खरी होती, आणि ती बुजवायला विभागाला आणखी वीस वर्षे लागली.

ती दरी बुजवण्याचा एक मार्ग म्हणजे जीवशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था. ऐंशीच्या दशकात सिद्दिकी आणि बाबू यांनी त्याचा पाठपुरावा केला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी टाटा संस्थेचेच अंग म्हणून बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सुरू झाले आणि सिद्दिकी त्याचे संस्थापक संचालक झाले. मुंबईतली बरीच मंडळी तिकडे गेली. रॉड्रिग्जही नंतर गेल्या. सिद्दिकींकडे घडलेले के. विजयराघवन या केंद्राचे संचालक झाले आणि २०१८ ते २०२२ या काळात, म्हणजे कोविडच्या कठीण दिवसांतही, केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार होते. गैती हसन यांनी माशीच्या पेशींतल्या कॅल्शियमच्या संकेतांवर बंगळूरला स्वतःची शाखा वाढवली. सिद्दिकींकडे मानसन्मान आले : १९८४मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि पद्मभूषण, २००६मध्ये पद्मविभूषण. सिद्दिकी मात्र वयाच्या ऐंशीतही प्रयोगशाळेत येत, माशीच्या स्मरणशक्तीवर काम करत. ते सरोदही वाजवत. जुलै २०१३मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांच्या डोक्याला मार लागला आणि २६ तारखेला ते गेले.

बंगळूरला एवढे मोठे केंद्र उभे राहिल्यावर कुलाब्याचा विभाग ओस पडेल, अशी भीती वाटण्याजोगी होती. तसे झाले नाही. के. एस. कृष्णन यांनी लकव्याच्या माश्यांचे काम मुंबईत चालू ठेवले आणि त्याला एक नवे वळण दिले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिल्यावर माणूस बेशुद्ध का होतो, याचे पूर्ण उत्तर वैद्यकाकडे नव्हते. कृष्णन यांनी हॅलोथेन या भुलीच्या वायूला वेगळा प्रतिसाद देणाऱ्या माश्या शोधल्या आणि हॉवर्ड नॅश यांच्याबरोबर १९९०मध्ये ते काम प्रसिद्ध केले. पुढे ते आपल्या समुद्रातल्या शंकूच्या आकाराच्या विषारी गोगलगायींकडेही वळले, कारण त्यांचे विष थेट मज्जातंतूंवर काम करते. २०१४मध्ये त्यांचे निधन झाले.

मग १९९९मध्ये विभागात शुभा टोळे आल्या, आणि माझ्या मते इथून या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, पीएच.डी. कॅलिफोर्नियात कॅलटेकला, म्हणजे बेंझर यांच्याच संस्थेत, आणि पुढचे संशोधन शिकागोला एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे. त्या कथकही शिकल्या आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे : मेंदू काम कसा करतो याआधी, तो घडतो कसा? उंदराच्या गर्भात सुरुवातीला मेंदूची जागा म्हणजे पेशींचा एक पातळ पडदा असतो. त्यातला कोणता भाग विचार आणि हालचाल सांभाळणारे बाह्यक होईल आणि कोणता भाग आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस होईल, हे कोण ठरवते? पडद्याच्या एका काठावर पेशींची चिंचोळी पट्टी असते. ती शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला सांगते. एलएचएक्स२ नावाचे जनुक बाकीच्या पेशींना असे काठ बनण्यापासून रोखून धरते.

हे सिद्ध कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. पडद्यात ठिकठिकाणी छोट्या ठिगळांपुरते ते जनुक काढून टाकले. प्रत्येक ठिगळाचा काठ झाला, आणि त्याच्या शेजारी, जिथे कधीच असायला नको होता तिथे, हिप्पोकॅम्पस तयार होऊ लागला. एका मेंदूत अनेक. टोळे यांची विद्यार्थिनी विशाखा मंगळे आणि कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचे सहकारी यांच्याबरोबरचे हे काम जानेवारी २००८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. एकच भाग निकामी करा आणि काय घडते ते पाहा, ही सिद्दिकींची जुनी रीतच इथे दिसते. फक्त आता मुंबईच्या हाती साधनेही होती, त्यामुळे प्रश्नाबरोबर उत्तरही मुंबईचे निघाले. २०११मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की हेच जनुक मूळ पेशीने चेतापेशी व्हायचे की चेतापेशींना आधार देणारी पेशी व्हायचे, हेही ठरवते. २०१०मध्ये टोळे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. २०१४मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढे आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. विकसनशील देशातल्या शास्त्रज्ञाला हा मान त्यांच्या रूपाने पहिल्यांदा मिळाला.

त्यांच्या पाठोपाठ विदिता वैद्य आल्या, येल आणि नंतर युरोपातला अनुभव घेऊन. लहानपणी सोसलेला ताण मोठेपणी मनाचे आजार कसे ओढवतो आणि नैराश्यावरची औषधे मेंदूत नेमके काय बदलतात, हा त्यांचा विषय. सेरोटोनिन हे रसायन चेतापेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्याही वाढवते, हे उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाबरोबर त्यांनी २०१९मध्ये दाखवले. भटनागर पुरस्कार त्यांना २०१५मध्ये आणि इन्फोसिस पुरस्कार २०२२मध्ये मिळाला. संध्या कौशिका यांनी बाबूंचा तो सूत्रकृमी पुन्हा कुलाब्यात आणला. त्याचे शरीर पारदर्शक असते, म्हणून जिवंत कृमीच्या चेतापेशींतली मालवाहतूक सूक्ष्मदर्शकाखाली चालू स्थितीत पाहता येते. १९६२च्या त्या लहान गटात सुरू झालेली परंपरा आज अशी माशी, कृमी आणि उंदीर या तिन्ही वाटांनी चालू आहे.

शेवटी अंबडमधल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एक उपयोगाची गोष्ट. टाटा संस्थेच्या जीवशास्त्राच्या पीएच.डी.साठी देशपातळीवर प्रवेश परीक्षा होते, आणि तिला बसायला जीवशास्त्राचीच पदवी लागते असे नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी यांतल्या पदवीधरांनाही ती खुली आहे. बाबू भौतिकशास्त्रातून आले होते, विजयराघवन आयआयटीतून केमिकल इंजिनीयर झाले होते. निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे शिक्षणाचा भार घरावर पडत नाही. पदवी चालू असताना उन्हाळी सुट्टीत काही आठवडे संस्थेत राहून काम करण्याची योजनाही आहे, तिचे अर्ज वेगळे निघतात. या दोन्हींची माहिती संस्था दर वर्षी जाहीर करते. आपल्या परिसरात अभियांत्रिकी शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला यंत्राइतकाच मेंदूचाही नाद असेल, तर त्याने किंवा तिने हे अर्ज नक्की भरावेत.